तांबड्या रेशमातले आत्मकथन : एलिझाबेथ पार्करचा सॅम्पलर पुन्हा भरताना

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टी.६-१९५६ या क्रमांकाने नोंदलेले लिननचे एक कापड आहे. ते सुमारे ८६ सेंटिमीटर उंच आणि ७४ सेंटिमीटर रुंद असून त्यावर तांबड्या रेशमाने, फुलीच्या टाक्याने, फक्त मजकूर भरलेला आहे. कडेला वेलबुट्टी नाही, इंग्लिश सॅम्पलरवर, म्हणजे मुली टाके आणि अक्षरे शिकण्यासाठी भरत त्या नमुन्याच्या कापडावर, हमखास आढळणारी घरे, झाडे, पक्षी किंवा आदम-हव्वेची जोडी नाही, तारीखही नाही. बारीक अक्षरांच्या ४६ ओळी एकाखाली एक येतात, शेवटची ओळ मध्येच थांबते आणि तिच्याखाली कापड कोरे राहते. संग्रहालयाने त्याचा काळ १८३० च्या आसपासचा मानला आहे. हे कापड भरणारी एलिझाबेथ पार्कर ही ससेक्स परगण्यातल्या अ‍ॅशबर्नहॅम गावच्या एका मजुराची मुलगी होती, आणि कापडावर तिने स्वतःच्या तरुण आयुष्यातली अतिशय दुःखाची हकिगत सांगितली आहे.

या सॅम्पलरची प्रतिकृती करायचे मी ठरवले, तेव्हा भरतकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ते फारसे रुचले नाही. आमच्या पिढीने शाळेत दसुतीवर फुलीचा टाका शिकला, पुढे मॅटीच्या कापडावर तोरणे आणि उशांचे अभ्रे भरले. त्यामुळे रंगांची अदलाबदल, फुलांचा आकार, पोपटाची चोच यांतच या टाक्याचे सुख आहे, असा आमचा समज असतो. एकाच रंगातली हजारो अक्षरे, तीही परक्या भाषेतली, कोणी का भरावीत, हा प्रश्न रास्त होता. संग्रहालयाने दिलेले छायाचित्र आणि मजकुराची उतरवून घेतलेली प्रत मी वाचली होती. वाचून संपायला थोडाच वेळ लागतो. परंतु जी गोष्ट सांगायला त्या मुलीला इतका दीर्घ काळ लागला असेल, ती आपण काही मिनिटांत वाचून बाजूला ठेवतो, ही गोष्ट मला खटकत राहिली. तिच्या गतीने ती वाचायची असेल, तर सुई हातात घेणे हाच मार्ग होता.

पहिला प्रश्न मापाचा होता. मजकुरात सुमारे १,७०० शब्द आणि साडेसहा हजारांहून अधिक अक्षरे आहेत. ती ४६ ओळींत विभागली, तर एका ओळीत जवळजवळ दीडशे अक्षरे येतात, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरल्या तर ही संख्या १८० च्या आसपास जाते. कापडाची रुंदी ७४ सेंटिमीटर. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला चार मिलिमीटरच जागा येते, आणि पुढच्या अक्षरापूर्वीची फटही त्याच चार मिलिमीटरांत बसवायची. हा हिशेब कागदावर मांडल्यावर कापडाची निवड आपोआप झाली. इंचाला ४० धागे असलेले लिनन घेऊन एकेका धाग्यावर एकेक फुली घातली, तर सहा फुल्यांची रुंदी ३.८ मिलिमीटर होते. आराखडा ग्राफ पेपरवर उतरवताना एका अक्षराला सरासरी बारा फुल्या धरल्या, तर एकूण आकडा ८०,००० च्या आसपास जातो. हा आकडा मी घरात कोणाला सांगितला नाही.

एका धाग्यावर फुली घालण्याचे काम दोन धाग्यांवरच्या कामाहून वेगळे असते. मॅटीवर आपण आधी सगळे तिरके टाके एका दिशेने टाकत जातो आणि परतताना त्यांच्यावर उलटे टाके घेतो. एकेका धाग्यावर असे केले, तर अर्धा टाका विणीच्या फटीतून घसरून उभ्या किंवा आडव्या धाग्याखाली लपतो. म्हणून प्रत्येक फुली तिथल्या तिथे पूर्ण करून मगच पुढे जावे लागते. बोथट टोकाची २८ नंबरची सुई, रेशमाचा एकच पदर, डोक्यावर दिवा आणि मध्ये भिंग अशी मांडणी मी केली. तांबड्या धाग्याची आणखी एक अडचण म्हणजे तो फिकट लिननच्या मागून आरपार दिसतो. एका शब्दावरून दुसऱ्या शब्दाकडे धागा मोकळाच ओढून नेला, तर दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेत गुलाबी सावली उमटते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी शब्द संपला की मागच्या टाक्यांखालून धागा ओवून तिथेच संपवायचा आणि पुढच्या शब्दाला नवी सुरुवात करायची, हा नियम मी पाळला.

रंगाबाबत मी पुष्कळ विचार केला. १८३० मध्ये कृत्रिम रंग नव्हतेच. पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेला जांभळा रंग १८५६ चा, आणि मंजिष्ठेच्या मुळातले रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार होऊ लागले ते १८६८ नंतर. तेव्हाचा तांबडा रंग वनस्पतीच्या मुळापासून नाहीतर कोचिनियल किड्यापासून मिळत असे. मी नैसर्गिक रंगाचे, किंचित विटकरीकडे झुकणारे रेशीम निवडले. कामाला लावण्याआधी लडीचा एक तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेवला आणि रंग सुटत नाही याची खात्री करून घेतली. कापड जुने दिसावे म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत प्रतिकृती करणाऱ्यांत फार लोकप्रिय आहे. मला ती मान्य नाही. चहातल्या टॅनिनने धागा कालांतराने कमजोर होतो, हे एक कारण. आणि दुसरे असे, की एलिझाबेथने भरायला घेतले तेव्हा तिचे कापडही नवेच होते.

टाके घालायला सुरुवात केली आणि त्याचबरोबर तिच्या माणसांचा आणि गावांचा शोधही सुरू ठेवला. मजकुराच्या आरंभी ती म्हणते, की मला लिहिता येत नाही, म्हणून ज्याच्या जिव्हाळ्यावर आणि मायेवर मी संपूर्ण विश्वास टाकू शकते अशा व्यक्तीशी बोलावे, तसे मी हे साधेपणाने आणि मोकळेपणाने मांडते आहे. त्यानंतर ती जन्माचे साल देते, १८१३. वडील अ‍ॅशबर्नहॅमच्या अर्लकडे, म्हणजे तिथल्या उमराव जहागीरदाराकडे, मजुरी करत. आई अर्लच्या पत्नीने चालवलेल्या धर्मादाय शाळेत शिकवत असे. भावंडे अकरा. त्या सगळ्यांची नावे तिने एका रांगेत दिली आहेत आणि त्या रांगेत स्वतःचे नावही योग्य जागी ठेवले आहे.

हे साल इंग्लंडमधल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्याला फार सोयीचे आहे. १ जानेवारी १८१३ पासून तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद छापील तक्त्यात करणे कायद्याने सक्तीचे झाले, आणि त्या तक्त्यात आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचा व्यवसाय यांसाठी वेगवेगळे रकाने आले. त्याआधीच्या नोंदी पुष्कळदा एका ओळीत आटोपलेल्या असत. १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ च्या जनगणनेत घराघरांतली नावे आली, आणि १८५१ च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्मगाव नोंदले जाऊ लागले. ज्या मजुराच्या मुलीबद्दल, ती अर्धे शतक आधी जन्मली असती तर, फारसे काही हाती लागले नसते, तिचा माग लागू शकतो तो या रकान्यांमुळे.

अ‍ॅशबर्नहॅमबद्दल वाचताना मला त्या सालाचा दुसरा अर्थही कळला. ससेक्सच्या या जंगलपट्ट्यात शतकानुशतके लोखंड गाळले जात होते, आणि तिथली शेवटची भट्टी अ‍ॅशबर्नहॅमची होती. ती १८१३ मध्येच विझली. एलिझाबेथ जन्मली त्या वर्षी गावातल्या कष्टकऱ्यांचा एक जुना आधार बंद पडत होता, आणि उरली होती ती जहागीरदाराच्या इस्टेटीवरची मजुरी. अकरा मुलांच्या घरातल्या मुलीने तेराव्या वर्षी परक्याच्या घरी कामाला जाणे यात म्हणून काही वेगळे नव्हते. वेगळे आहे ते तिने ते सांगून ठेवले हे. याच गावच्या चर्चमध्ये पूर्वी राजा पहिला चार्ल्स याचा सदरा आणि घड्याळ जपून ठेवलेले होते, आणि आजारी माणसे बरे होण्याच्या आशेने त्या सदऱ्याला हात लावायला येत. राजाच्या अंगावरचे कापड जपावे हे सर्वांना उमजते. त्याच गावच्या मजूरकन्येच्या हातचे कापडही काळाच्या तडाख्यातून वाचले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तिची पुढची हकिगत अशी आहे. तेराव्या वर्षी ती पी. नावाच्या कुटुंबात मुले सांभाळायला गेली. ते लोक चांगले होते, तरी चौदा महिन्यांनी तिने ते घर सोडले आणि त्याबद्दल पुढे स्वतःला कायम दोष दिला. नंतर ती फेअरलाइटला लेफ्टनंट जी. याच्याकडे घरकामाला राहिली. तिथे तिचा अतोनात छळ झाला. मालकाच्या दुष्ट हेतूला तिने विरोध केला, तेव्हा तिला जिन्यावरून खाली फेकून देण्यात आले. ती घरी परतली, पण घडलेले कोणाला सांगितले नाही. आणि तिने काही सांगितले नाही म्हणून घरच्यांनी तिच्याच स्वभावाला दोष दिला. त्यानंतर कॅट्सफील्डला एका कर्नलच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळाले. तिथली माणसे मायाळू होती, पण तिथेच तिची स्मरणशक्ती आणि मनाचा तोल गेला. मालकिणीने तिला आईवडिलांकडे पोचवले आणि डॉक्टर डब्ल्यू. यांना बोलावले. त्यांच्यापाशी तिने आत्मनाशाचे विचार मनात येतात हे कबूल केले, आणि त्यांनी तिची समजूत घातली. मजकुराचा उत्तरार्ध बहुतांशी प्रार्थनेचा, पश्चात्तापाचा आणि भीतीचा आहे.

मी या गावांचा नकाशा काढून भिंतीवर लावला होता. फेअरलाइट हे हेस्टिंग्जच्या पूर्वेला समुद्राकाठी, अ‍ॅशबर्नहॅमपासून वीस किलोमीटरच्या आसपास आहे. पायी जाणाऱ्या मुलीला एका दिवसात येऊन परतता येणार नाही इतके ते दूर आहे. कॅट्सफील्ड मात्र घरापासून तासाभराच्या चालीवर आहे. छळाच्या घरातून सुटल्यावर तिला पुढची चाकरी आईच्या इतक्या जवळ मिळाली, हे मजकुरात कुठेही सांगितलेले नाही; नकाशावर ते लगेच दिसते.

फेअरलाइटच्या ओळींपाशी माझा हात मंदावला. वाचणारा ते वाक्य पाहून पुढे सरकतो. भरणाऱ्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते. शब्द संपला तरी तो डोळ्यांसमोर राहतो, कारण पुढच्या अक्षराची जागा मोजायला पुन्हा त्याच्याकडेच पाहावे लागते. सबंध संध्याकाळ मी जिन्याच्या त्या वाक्यात होते. मग माझ्या लक्षात आले, की ज्या मुलीने हे घरात कोणालाच सांगितले नव्हते, तिनेही ते इतक्याच संथपणे, अक्षरामागून अक्षर, स्वतःच्या हाताने पुढे आणले असणार. या कापडाला अनेक जण मनाचा आकांत म्हणतात. मला ते पटत नाही. आकांताला एवढा संयम परवडत नाही. धागे मोजून, ओळ सरळ राखून, जागा पुरवत पुरवत जे सांगितले जाते, त्यामागे सांगायचेच असा निश्चय असतो.

लिहिता येत नाही या तिच्या म्हणण्याचा मी बराच काळ विचार करत होते. इंग्लंडमधल्या त्या काळच्या धर्मादाय शाळांत मुलींना वाचन आणि शिवण शिकवत; लेखन हा वेगळा विषय होता, आणि गरिबांच्या मुलींना त्याची गरज नाही असे मानणारे पुष्कळ होते. अक्षरे मात्र त्यांना सुईने काढता यावीच लागत. मोठ्या घरांतल्या चादरी, रुमाल, सदरे यांवर धन्याची आद्याक्षरे आणि क्रमांक तांबड्या धाग्याने फुलीच्या टाक्यात भरण्याची पद्धत होती, आणि ते काम मोलकरणीकडे असे. सॅम्पलरवर मुली मुळाक्षरे घोटत त्या या चाकरीच्या तयारीसाठी. एलिझाबेथने मालकाचे कपडे ओळखू यावेत म्हणून शिकवलेले तेच कौशल्य, तोच टाका आणि तोच रंग वापरून मालकाचे वर्तन नोंदवून ठेवले. तिने धन्यांची नावे पूर्ण न देता फक्त आद्याक्षरे दिली आहेत, आणि भावंडांची मात्र पूर्ण नावे लिहिली आहेत. पी., जी., डब्ल्यू. ही अक्षरे भरताना ती मला चादरीच्या कोपऱ्यावरच्या खुणांसारखी दिसू लागली.

तिला लेखणी धरता येत नव्हती एवढाच त्या वाक्याचा अर्थ असेल, असे मला वाटत नाही. बायबलची भाषा तिच्या अंगवळणी पडलेली आहे, वाक्ये लांब असूनही सावरलेली आहेत. शुद्धलेखनात ती अडखळते ती बहुधा उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळे असलेल्या शब्दांपाशी. कागदावर लिहीत बसलेली मोलकरीण कोणाच्याही नजरेत भरली असती. शिवत बसलेली मुलगी कामातच आहे असे घरच्यांनी धरले असते, आणि तिच्या मांडीवरच्या कापडात काय चालले आहे ते कोणी वाकून वाचले नसते. हा माझा तर्क आहे, पण टाके घालताना तो दिवसेंदिवस पक्का होत गेला. माझ्या घरीही मी काय भरते आहे हे कोणी विचारले नाही.

तिच्या चुका सुधाराव्यात का, हा प्रश्न प्रत्येक प्रतिकृतीत येतो. छापील आराखडे विकणारे काही जण मूळ कामातली चुकलेली मोजणी, उलटे अक्षर, वाकडी ओळ दुरुस्त करून देतात. मी तसे केले नाही. स्पेलिंग जसे होते तसेच ठेवले, विरामचिन्हे घातली नाहीत. वाक्य कुठे संपते हे शोधत जाणे हा तिचा मजकूर वाचण्याचा भाग आहे. तिथे पूर्णविराम टाकला असता, तर मी तिच्या श्वासाची जागा ठरवल्यासारखे झाले असते.

शेवटची ओळ माझ्या आत्म्याचे काय होईल या अर्थाच्या शब्दांवर थांबते. तिथून पुढे कापड कोरे आहे. अनेकांनी यावरून असे मानले, की यानंतर तिचे काहीतरी बरेवाईट झाले असावे. छायाचित्र पाहताना मलाही आधी तसेच वाटले होते. अभ्यासकांनी नोंदींमधून उजेडात आणलेले तिचे पुढचे आयुष्य निराळे आहे. ती जगली. ती शाळेत शिकवू लागली, अ‍ॅशबर्नहॅमला राहिली, आणि १८८९ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी तिचे निधन झाले. म्हणजे ते शेवटचे शब्द भरल्यानंतर तिने जवळजवळ साठ वर्षे काढली. जिला लिहिता येत नव्हते, तिने दुसऱ्यांची मुले शिकवली. तांबड्या ओळींखालची मोकळी जागा मी या माहितीनंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले. तिथे पुढे भरायला कापड होते, रेशीम मिळाले असते, हात तर सरावलेलाच होता. तरीही तिने ते तसेच ठेवले. तिला जे त्या कापडाला सांगायचे होते, ते सांगून झाले होते, असे मी मानते.

म्हणून प्रतिकृतीतही मी खालचे कापड कापून टाकले नाही. चौकट करणाऱ्या कारागिराने ते रिकामे लिनन मागे दुमडून मजकूर मधोमध घेण्याचे सुचवले, कारण तसे केल्याने चौकट आटोपशीर झाली असती. मी नको म्हटले. कापड आम्लरहित पुठ्ठ्यावर ताणून, मागून दोऱ्याने शिवून बसवले. गोंद वापरला नाही, आणि काच रेशमाला टेकू नये म्हणून मध्ये पट्टी घातली.

प्रतिकृती पुढे कोणाच्या हातात जाईल आणि ती जुनी म्हणून विकली जाईल का, हे सांगता येत नाही. म्हणून मागच्या बाजूला, कापडावरच, माझी आद्याक्षरे आणि साल निळ्या धाग्याने भरले आहे. तांबडा धागा तिथे वापरला नाही. त्याखाली कापडाचीच एक पट्टी शिवली असून तिच्यावर मूळ सॅम्पलर कोठे आहे, त्याचा संग्रहालयातला क्रमांक कोणता, आणि तो कोणी भरला हे मराठीत लिहिले आहे : एलिझाबेथ पार्कर, जन्म १८१३, अ‍ॅशबर्नहॅम, मोलकरीण, नंतर शिक्षिका, मृत्यू १८८९.